पुढची तारीख कुणी पाळायची?

बंगळुरूच्या पूर्वेला ओल्ड मद्रास रोड आणि आउटर रिंग रोड जिथे येऊन मिळतात, त्या टिन फॅक्टरीच्या चौकात सकाळी आठनंतर वाहने इंचाइंचाने सरकतात. शेजारी तारांवर तोललेला पूल, त्याखालून धावणारी रेल्वे, डोक्यावर मेट्रो. पुलापलीकडे के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या कामगारांची वसाहत इथे शेजारीच, दूरवाणीनगरात वसली. पुढे व्हाइटफील्डला माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि सगळ्या परिसराचे रूप पालटले. आज इथे उंच इमारतींत पुण्या-नागपूर-कोल्हापूरहून आलेले मराठी अभियंते राहतात. त्याच इमारतींच्या मागच्या मोकळ्या जागांवर निळ्या ताडपत्रीच्या पालांत कलबुर्गी, यादगीर, रायचूरकडून आलेली बांधकाम मजुरांची कुटुंबे राहतात. वरच्या मजल्यावर भांडी घासायला आणि बाळ सांभाळायला जाणारी बाई अनेकदा याच पालांतली असते.

या दोन्ही घरांत पाच वर्षांखालची मुले आहेत आणि दोन्ही घरांत बाळाचे एक कार्ड आहे. कर्नाटकात त्याला ‘तायी कार्ड’ म्हणतात. गरोदरपणापासूनच्या नोंदी त्यात असतात. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे जाणाऱ्या घरात तीच गुळगुळीत कागदाची फाइल असते. कार्ड कुठलेही असो, त्यावर पुढच्या भेटीची तारीख लिहिलेली असते आणि अनेक मुलांच्या बाबतीत त्या तारखेला काहीच घडत नाही.

दवाखान्यात या गोष्टीचे कारण ठरून गेलेले आहे. ‘आईने आणलेच नाही’, ‘यांना महत्त्वच कळत नाही’, ‘फोन करा तर उचलत नाहीत’. चुकलेल्या तारखेचा दोष असा आईच्या पदरात पडतो आणि विषय संपतो. तो तिथे संपू नये, यासाठी हा लेख. सहा महिन्यांचे मूल स्वतःहून दवाखान्यात जात नाही आणि स्वतःहून टाळतही नाही. त्याला आणावे लागते, आणि आणण्यासाठी कुणाला तरी कामाचा दिवस, वाटखर्च, धाकट्या-थोरल्याची सोय आणि मुख्य म्हणजे तिथे गेल्यावर काम होईल याची खात्री लागते. तारीख देणारी व्यवस्था यातले काहीही देत नाही आणि तारीख चुकली की हिशेब मात्र मागते.

पायरी पायरीने गळती

लहान मुलांच्या भेटींचे सर्वांत मोठे वेळापत्रक लसीकरणाचे आहे. १९८५ पासून देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम चालू आहे. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस. मग सहा, दहा आणि चौदा आठवडे. मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस आणि बूस्टर. शेवटी मूल पाच-सहा वर्षांचे असताना आणखी एक. शाळेत जाण्याआधी सातेक वेळा मुलाला लसीसाठी न्यावे लागते, आणि एकही भेट आजारपणाची नसते. मूल खेळते-हसते आहे, तापही नाही, तरी दिवस मोडून न्यायचे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे या दृष्टीने वाचले पाहिजेत. देशातल्या १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक मुलांना बीसीजी मिळालेली आहे. म्हणजे जवळजवळ प्रत्येक बाळ एकदा तरी व्यवस्थेच्या हाती येते. गोवराच्या पहिल्या डोसापर्यंत हे प्रमाण ८८ टक्क्यांच्या आसपास येते. सगळ्या मूलभूत लसी पूर्ण झालेली मुले ७६.४ टक्के. आणि २४ ते ३५ महिन्यांच्या मुलांमध्ये गोवराचा दुसरा डोस मिळालेली मुले सुमारे ३२ टक्के. जी आई बाळाला पहिल्या लसीसाठी घेऊन आली, तिला लस नको होती असे कसे म्हणता येईल? ती आली होती. वाटेत कुठेतरी तिचा आणि दवाखान्याचा धागा तुटला.

याच सर्वेक्षणात मूलभूत लसी पूर्ण होण्याचा शहरांचा आकडा (७५.५ टक्के) खेड्यांपेक्षा (७६.८ टक्के) किंचित कमी आहे. दवाखान्यांची दाटी शहरात, डॉक्टर शहरात, तरी मुले शहरात अधिक सुटतात. कर्नाटकाची सरासरी ८४ टक्के, महाराष्ट्राची ७३.५. सरासरी चांगली असली तरी तिच्या पोटात के. आर. पुरमची निळी पाले दिसत नाहीत. पालातले कुटुंब एका बांधकामावरून दुसरीकडे गेले की ते कुठल्या आशाताईच्या यादीत बसते, याचे उत्तर कुणाकडे नसते.

काही तारखा पुन्हा येत नाहीत

लसीची तारीख चुकली तर बहुतेक वेळा ती नंतर भरून काढता येते. डोस उशिरा घेतला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. प्रत्येक लसीकरण केंद्राच्या भिंतीवर ही गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहिली पाहिजे. ‘उशीर झाला, आता ओरडतील’ या धास्तीने कितीतरी आया पुढची भेटही टाळतात.

पण काही तारखांना दुसरी संधी नसते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा पूर्ण वाढलेला नसतो. जन्मानंतर तिथल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटून बाळ कायमचे आंधळे होऊ शकते. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासावेत, फारच लवकर जन्मलेल्यांचे त्याहूनही आधी, असा नियम आहे. धोका दिसला तर दोन-तीन दिवसांत लेसर किंवा इंजेक्शनचा उपचार करावा लागतो. महिन्याभराने ‘जमलं तेव्हा आलो’ म्हणून चालत नाही.

आता या नियमाकडे आईच्या बाजूने पाहा. नुकतीच बाळंतीण, बाळ दीड किलोचे, अतिदक्षता विभागातून आठवड्यापूर्वी घरी आलेले, घरातले सगळे म्हणतात की बाळाला बाहेर काढू नका. त्या बाळाला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नेत्रतज्ज्ञाकडे न्यायचे, तेही डोळे ठणठणीत दिसत असताना.

हा पेच बंगळुरूतच ओळखला गेला. २००८ मध्ये नारायण नेत्रालयाने डॉ. आनंद विनेकर यांच्या पुढाकाराने ‘किडरॉप’ हा उपक्रम सुरू केला. त्यामागचा विचार सरळ होता: बाळाने डॉक्टरकडे येण्याऐवजी कॅमेऱ्याने बाळाकडे जायचे. प्रशिक्षित तंत्रज्ञ डोळ्याच्या पडद्याची छायाचित्रे घेणारा कॅमेरा गाडीत घालून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नवजात अतिदक्षता विभागांत ठरलेल्या वारी जातात, छायाचित्रे काढतात आणि दूर बसलेला तज्ज्ञ ती पाहून सांगतो की कुणाला उपचार लागेल, कुणाला पुन्हा केव्हा बघायचे. आईला पुढच्या तपासणीसाठी यायचे असते ते ओळखीच्या, जवळच्या रुग्णालयात. ज्या भेटी एरवी हमखास बुडाल्या असत्या, त्या अंतर कमी केल्यामुळे होऊ लागल्या.

तारखेबद्दल आईबापांना सांगणे हेही रुग्णालयाचे कायदेशीर कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०१५ रोजी स्पष्ट केले. १९९६ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात २९ व्या आठवड्यात एक मुलगी जन्मली होती. वजन १२५० ग्रॅम. तिला घरी सोडले, पण डोळे तपासून घ्या असे कुणी सांगितले नाही. तिची दृष्टी गेली. अनेक वर्षांच्या लढ्यानंतर न्यायमूर्ती शरद बोबडे यांनी लिहिलेल्या निकालाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई दिली. त्या आईबापांनी कोणतीच भेट चुकवली नव्हती. जी भेट त्यांना द्यायला हवी होती, तीच दिली गेली नव्हती. चुकलेल्या तारखांच्या कुठल्याही नोंदवहीत अशा मुलांचा रकाना नसतो.

वाकड्या पावलांनी जन्मलेल्या मुलांची गोष्ट वेगळ्या प्रकारे अवघड आहे. आयोवातल्या डॉ. इग्नासिओ पाँसेटी यांच्या पद्धतीत मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय, दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच-सहा आठवड्यांत पाऊल सरळ करतात. बहुतेक बाळांच्या टाचेमागची शीर एका छोट्या छेदाने सैल करावी लागते. नंतर तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षे झोपेत विशिष्ट बूट-पट्टी घालावी लागते. पहिल्या टप्प्यात आईबाप येतात, कारण वाकडे पाऊल दिसते. पाऊल सरळ झाले की येणे विरळ होते, आणि बूट-पट्टी सुटणे हेच पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण असते. उपचार यशस्वी झाल्यासारखा दिसतो, नेमका तेव्हाच तो सुटण्याचा धोका अधिक असतो. म्हणून ‘पाय आता छान आहे’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरने त्याच दमात पुढच्या चार वर्षांबद्दल बोलायला हवे, आणि बाप बरोबर असेल तर बापाशीही.

एका भेटीचा हिशेब

के. आर. पुरममधून वाणी विलास रुग्णालयात जायचे आहे असे धरू. हे बायका-मुलांचे जुने सरकारी रुग्णालय शहराच्या मध्यभागी, के. आर. मार्केटजवळ आहे. आई चार घरी धुण्याभांड्याची कामे करते, बाप सेंट्रिंगच्या कामावर जातो. सकाळच्या ओपीडीची चिठ्ठी मिळवायची तर सातला घर सोडले पाहिजे. मेट्रोने जायचे तर जांभळ्या मार्गाने मॅजेस्टिकपर्यंत आणि तिथे बदलून हिरव्या मार्गाने दोन स्थानके. हा मार्गही नवा आहे. व्हाइटफील्डकडून मेट्रो २५ मार्च २०२३ ला के. आर. पुरमपर्यंत आली, पण तिथून बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा तुकडा जोडला जायला ९ ऑक्टोबर उजाडले. तोवर मधले अंतर बसने काढावे लागे.

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या मार्चपासून एसटीत अर्धे तिकीट. या योजनांवर टीका करणाऱ्यांनी कधीतरी मांडीवर बाळ घेऊन दवाखान्याला निघालेल्या बायांची बस पाहावी. वाटखर्चाची अडचण या निर्णयाने खरोखर हलकी केली. पण बस टिन फॅक्टरीला अडकली की वेळ जातोच, आणि वेळ मोफत नसतो.

दवाखान्यात पोचल्यावर चिठ्ठीची रांग, तपासणीची रांग, रक्त द्यायला वेगळी खिडकी, औषधाला आणखी एक. दुपारी दोन-तीनला परत. चारही घरची कामे बुडाली. दोन घरांनी पगार कापला नाही तरी तोंड वाकडे केले. थोरले मूल शेजारणीकडे ठेवले होते, तिचे उपकार झाले. रिपोर्ट उद्या मिळणार, म्हणजे आणखी एक दिवस. आणि चिठ्ठीवर लिहिले आहे: पंधरा दिवसांनी या.

या बाईने पंधरा दिवसांनंतरची भेट चुकवली तर तो निष्काळजीपणा आहे का? तिने व्यवस्थित हिशेब केला आहे. बाळ आज बरे दिसते. दोन दिवसांची मजुरी गेली तर महिन्याचे भाडे थकते. ती बाळावर प्रेम करते आणि घरही चालवते. या दोन गोष्टींत तिला निवड करायला लावणारी व्यवस्था दोषी आहे.

बाह्यरुग्ण विभागांतल्या चुकलेल्या भेटींवरच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला जागतिक आढावाही हेच दाखवतो. सरासरी २३ टक्के भेटी चुकतात. आफ्रिकेत ४३ टक्के, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे सुमारे १३ टक्के. भेट ठरल्यापासून ती होईपर्यंतचा काळ जितका लांब, दवाखाना जितका दूर, उत्पन्न जितके कमी, तितकी भेट चुकण्याची शक्यता अधिक. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आईच्या हातात अजिबात नाहीत आणि तिसरी तिला हवी असून मिळालेली नाही.

आले, पण परत पाठवले

चुकलेल्या भेटींचा एक भाग दवाखान्याच्या दारातच तयार होतो. बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते. उरलेले डोस टाकून द्यावे लागतात. एका कुपीत पाच किंवा दहा डोस. दोनच मुले आलेली असली की सिस्टरला डोस वाया जाण्याचे दडपण येते आणि ती सांगते, ‘पुढच्या आठवड्यात या, तेव्हा जास्त मुलं येतील.’ एका मुलासाठीही कुपी उघडावी, असे सरकारी मार्गदर्शन आहे. पण वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारला जातो आणि परत गेलेल्या मुलाचा विचारला जात नाही, तेव्हा सिस्टर काय करील हे उघड आहे.

दुसरे कारण सर्दी. नाक वाहते आहे, अंग किंचित कोमट आहे म्हणून लस न देता परत पाठवतात. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप हे लस टाळण्याचे कारण नाही, हे वैद्यकशास्त्रात फार पूर्वी ठरलेले आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला पावसाळ्याच्या बंगळुरूत सर्दी नसलेला आठवडा शोधायचा तर लस कधी व्हायचीच नाही.

तिसरे कारण लशीनंतरचा ताप. लस दिल्यावर बाळ रात्रभर रडते, दुसऱ्या दिवशी आईला कामावर जाता येत नाही. ‘चांगल्या बाळाला सुई टोचून आजारी केलं’ अशी घरात बोलणी होतात. पंचसंयोजी लशीनंतर ताप येऊ शकतो, तो दोन दिवसांत उतरतो, पॅरासिटामॉल इतके द्या, अमुक दिसले तर लगेच या, हे सांगायला दोन मिनिटे लागतात. पुढची भेट होणार की बुडणार, हे त्या दोन मिनिटांत ठरते. आणि ती दोन मिनिटे आईला कळणाऱ्या भाषेतली हवीत. के. आर. पुरममध्ये कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू, हिंदी, मराठी, बंगाली बोलणाऱ्या आया एकाच रांगेत असतात. बीदरकडून आलेल्या मराठी आईला कन्नडचे चार शब्द कळतात, पण बाळाच्या तापाबद्दलची सूचना चार शब्दांत मावत नाही.

दोन गावांच्या मध्ये हरवलेले मूल

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. पुण्यात किंवा साताऱ्यात जन्मलेल्या बाळाच्या पहिल्या लसी तिथल्या डॉक्टरकडे होतात. तीन-चार महिन्यांनी आई बाळाला घेऊन बंगळुरूला येते, नवीन डॉक्टर शोधते, मग आजी येते, आजी परत जाते, आई नोकरीवर रुजू होते, बाळ पाळणाघरात जाते. पहिली फाइल पुण्यात, दुसरी बंगळुरूत, मधला एक डोस दोन्हीत नाही. शिकल्यासवरल्या, गाडी असलेल्या घरांतही दीड वर्षाचा बूस्टर असा सुटतो. आजीच्या हिशेबाने तो झालेला असतो, आईच्या हिशेबाने व्हायचा असतो.

यादगीरच्या मजुराच्या घरी हेच अधिक तीव्रतेने घडते. बाळंतपण गावी, काम शहरात, सणाला आणि पेरणीला पुन्हा गावी. कार्ड पत्र्याच्या पेटीत गावी राहिलेले असते. मोबाइलचे रिचार्ज संपलेले किंवा नंबर बदललेला असतो, फोन बापाच्या खिशात असतो आणि आलेला संदेश इंग्रजीत असतो.

महाराष्ट्राला हे दुखणे नवे नाही. दिवाळी सरता सरता बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या पश्चिम महाराष्ट्रात आणि पुढे बेळगावकडच्या कारखान्यांपर्यंत जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्या महिन्यांत बाळाचा नऊ महिन्यांचा डोस येतो, त्या महिन्यांत आई एखाद्या फडात असते.

अशा सुटलेल्या डोसांची किंमत २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईने पाहिली. गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली, लहान मुले दगावली. कोविडच्या दोन वर्षांत चुकलेले डोस, दाट वस्ती, कुपोषण आणि येत्या-जात्या कुटुंबांची नोंद नसणे, हे सगळे तिथे एकत्र आले. साथ पसरल्यावर घरोघर पाहणी झाली, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस दिले गेले. आरोग्यसेविका दारोदार फिरल्या आणि मुले सापडली. याचा अर्थ ती आधीही सापडली असती.

जिथे व्यवस्था दारापर्यंत गेली

हे जमत नाही असे म्हणायला भारतात जागा नाही, कारण आपण ते पोलिओच्या बाबतीत करून दाखवले आहे. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर न आलेल्या मुलांसाठी सोमवारपासून पथके घरोघर जात. ज्या घरातले प्रत्येक मूल भेटले त्या दारावर खडूने ‘पी’, जिथे एखादे राहिले तिथे ‘एक्स’. एक्सच्या घरी पुन्हा जायचे, कारण लिहायचे, पुन्हा जायचे. रेल्वे स्थानकांवर, बसतळांवर, वीटभट्ट्यांवर वेगळी पथके. राहिलेले घर हे पथकाचे राहिलेले काम मानले गेले. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी आपण पोलिओमुक्त ठरलो.

महाराष्ट्रात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत याच वाटेने नवजात बाळांचे प्राण वाचवले. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन घेत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला होता. याच कामातून पुढे देशभरच्या आशाताईंना बाळाच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाण्याचे वेळापत्रक मिळाले. या भेटींच्या तारखा आईने पाळायच्या नसतात, आशाताईने पाळायच्या असतात.

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी १३४ गावांत केलेला प्रयोग तर प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याने वाचावा. काहीही वेगळे न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुले ६ टक्के. जिथे ठरलेल्या दिवशी, न चुकता, लसीकरणाचे शिबिर भरू लागले तिथे १८ टक्के. जिथे त्याबरोबर प्रत्येक भेटीला एक किलो डाळ आणि शेवटी ताटवाट्या दिल्या तिथे ३९ टक्के. सिस्टर नक्की येणार एवढ्या खात्रीनेच आकडा तिप्पट झाला. डाळीने तो आणखी दुप्पट झाला, आणि एका मुलामागचा खर्च उलट निम्म्यावर आला. कारण सिस्टरचा पगार तोच होता, मुले जास्त आली. एक किलो डाळ म्हणजे लाच नव्हे. बुडालेल्या मजुरीची ती छोटीशी भरपाई आहे आणि आलात ते बरे केलेत असे सांगण्याची रीत आहे.

दीर्घ उपचारांचा धडा मुंबईत मिळतो. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या दर पाच मुलांमागे जवळपास एकाचे उपचार एके काळी अर्ध्यात सुटत. कारणे औषधांइतकीच राहण्या-खाण्याची होती: गाव दूर, मुंबईत डोके टेकायला जागा नाही. रुग्णालयाने मुलांसाठी पैसा, निवारा, आहार आणि समुपदेशन यांची बांधीव व्यवस्था उभी केली. २००६ मध्ये निहाल आणि श्यामा कविरत्ने यांनी सुरू केलेल्या सेंट ज्यूड केंद्रांसारख्या संस्थांनी बिऱ्हाडे दिली. उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. आईबाप तेच होते. त्यांच्या पाठीशी कुणीतरी उभे राहिले.

के. आर. पुरमसाठी

इथे काय करता येईल? सर्वांत आधी दवाखान्याची वेळ. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूत वॉर्डावॉर्डांत ‘नम्म क्लिनिक’ सुरू झाली, ही चांगली गोष्ट. पण सुरुवातीला ठरलेली सकाळी नऊ ते दुपारी साडेचारची वेळ म्हणजे नेमकी धुण्याभांड्यांची आणि बांधकामाची वेळ. मुंबईच्या ‘आपला दवाखाना’ योजनेत रात्री दहापर्यंत डॉक्टर भेटतो. लहान मुलांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि एक रविवार, एवढे तरी प्रत्येक ठिकाणी झाले पाहिजे. बापांनाही मग ‘कामावर होतो’ हे कारण राहणार नाही.

दुसरे, आठवण. स्मरणपत्र, संदेश किंवा फोन केल्याने लसीकरण सरासरी आठ टक्के अंकांनी वाढते, असे २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. संदेश आईच्या भाषेत हवा, शक्यतो बोललेला हवा, आणि त्यात ‘उशीर झाला तरी या’ हे वाक्य हवे. अंगणवाडीच्या भिंतीवर एकेकाळी कापडी पिशवी टांगलेली असे: बारा महिन्यांचे बारा खिसे, आणि स्थलांतर करून गेलेल्यांसाठी व डोस पूर्ण झालेल्यांसाठी वेगळे खिसे. बाळाच्या कार्डाचा अर्धा भाग पुढच्या तारखेच्या महिन्यात ठेवायचा. महिना संपताना खिशात उरलेली कार्डे म्हणजे ज्या घरी जायचे ती यादी. ‘यू-विन’ या संगणकीय नोंदणीने आता देशात कुठेही दिलेला डोस दिसू शकतो, म्हणजे पुणे आणि बंगळुरूच्या फायलींमधली फट बुजू शकते. पण संगणकावर नाव लाल झाल्यावर त्या घरी जाणारी बाई हवी. शहरी आरोग्य अभियानात हजार ते अडीच हजार लोकवस्तीमागे एक आशाताई अपेक्षित आहे. तिच्या हद्दीत निळी पाले येतात हे तिच्या नकाशावर लिहिलेले असले पाहिजे आणि तिला वेळेवर, पुरेसे मानधन मिळाले पाहिजे.

तिसरे, बांधकामाची जागा. पन्नासहून अधिक बायका कामावर असतील तिथे पाळणाघर हवे, असे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने सांगितले होते. जिथे पाळणाघर आहे, तिथे सगळी लहान मुले एका जागी असतात. महिन्यातून एकदा सिस्टर तिथे आली तर एकाही आईची मजुरी बुडत नाही. ज्या कंपनीचा टॉवर उभा राहतो आहे, तिच्याकडून या एका दिवसाची हमी घेणे महापालिकेला अवघड नाही.

चौथे, नोंद. मूल आले नाही की फाइल बंद करण्याऐवजी कारण लिहिले जावे: घर बदलले, मजुरी, ताप, परत पाठवले, कुणी सांगितले नाही. सहा महिन्यांची अशी कारणे एकत्र वाचली तर कुठला दवाखाना कुठे चुकतो हे त्याला स्वतःलाच कळेल. आणि परत आलेल्या आईला पहिला शब्द रागाचा ऐकू येऊ नये.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी, के. आर. पुरममध्ये, पुण्यात, ठाण्यात, कामाला येणारी एक ताई असेल आणि तिच्या घरी लहान मूल असेल. व्यवस्था बदलायला वेळ लागेल, आपल्या घरापुरती ती आजच बदलता येते. तिच्या बाळाच्या कार्डावर पुढची तारीख कोणती आहे ते तिला विचारा, आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती लिहा, आदल्या दिवशी तिला आठवण करा, आणि त्या दिवसाचा पगार कापू नका. लस दिल्यानंतरच्या दिवसाचाही नाही.